भिकुबाईचा भरदुपारचा पाट

भिकुबाईचा पहिला नवरा वना एकोणीसशे अठराच्या मानमोडी तापाच्या साथीत गेला. त्याच्या तीन दिवस आधी त्यांची आठ महिन्यांची पोर गेली होती. भिकुबाई तेव्हा एकोणीस वर्षांची.

आमचं नांदखेडं पाचोऱ्यापासून तीन कोसांवर. त्या आश्विनात गावात रोज पाचसहा माणसं मरत होती आणि खांदा द्यायला चौघं मिळेनात. पंगतीत कोण कुणाच्या वर बसणार यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडलेली मंडळी कुणाच्याच दारात जायला तयार नव्हती. तेव्हा लोटन गाडीवान आपली बैलगाडी घेऊन गल्लीगल्लीतून फिरे आणि प्रत्येक दारासमोर थांबून हाक देई. त्याची स्वतःची बायको प्लेगात गेलेली, मागे कुणी नाही. लोक म्हणत, त्याला मरणाची भीती नाही. तो म्हणे, भीती आहे, पण बैल घरी बसत नाहीत.

वनाच्या दारात तो आला तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. धाकटा दीर सासूला घेऊन शेतातल्या खोपटात जाऊन राहिला होता. लोटनने वनाला खांद्यांकडून उचललं, भिकुबाईने पायांकडून. मग ती गाडीमागून नदीकाठच्या मसणवटीपर्यंत चालत गेली. बायका मसणात जात नाहीत. पण तिला तसं सांगायला वाटेत कुणी भेटलंच नाही. साथ ओसरल्यावर मात्र गावाने सवडीने तिला नावं ठेवली.

समाचाराला बायका यायला लागल्या त्या महिन्याभराने. एक म्हणे, रड, मोकळी हो. दुसरी म्हणे, किती रडतेस, त्याला तिकडे त्रास होतो. तिसरी चहा कोरा का म्हणून विचारे. भिकुबाई सगळ्यांचं ऐके, कप विसळी आणि कापूस वेचायला जाई. सासू म्हणाली, "भिकू, तू बठ्ठं ऐकस, पन करस काय?" ती म्हणाली, "वेचणी करस, आत्याबाई. ते कोनी सांगं नही म्हणून."

तिला एक विद्या येत होती, आणि तिच्यामुळे गावाला तिच्याशी कायमचं वाकडं घेता येत नसे. ती म्हणजे खापरावरचे मांडे. वस्त्रगाळ कणकेचा पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या खापरावर अल्लद टाकायची. मांडा एवढा पातळ की पलीकडचं माणूस ओळखू यावं, आणि फाटायचा नाही. लग्नकार्यात तिला बोलावणं असायचंच. फक्त ती मागच्या दाराने यायची आणि अक्षता पडेस्तोवर चुलीपाशीच बसायची. विधवेच्या हातचा मांडा चाले, तिचं तोंड चालत नसे.

अशाच एका लग्नात लोटनने अकरा मांडे खाल्ले. मग उठून स्वयंपाकाच्या मांडवाशी आला आणि विचारता झाला, "ह्या मांडा कोना हातना?"

"मन्हा," भिकुबाई म्हणाली.

त्यानंतर तो सहा महिने बोलला नाही. ती पाचोऱ्याच्या जिनिंग गिरणीत आपला कापूस त्याच्याच गाडीने पाठवायची. एकदा गठडं गाडीत टाकताना तो म्हणाला, "भिकू, मन्हा घर चुल्हा शे, खापर शे. रांधणारी नही."

"मंग पाचोराले खानावळ शे. तठे जा."

"खानावळमा पोट भरस. तू भेटत नही."

एवढं बोलून तो बैलांच्या मानेवरचं जू उगाच हलवत राहिला. भिकुबाईने आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी ती म्हणाली, बरं.

आमच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. पूर्वापार चाललेली रीत. अडचण एवढीच की तो काळोखात लागे, दोघांची तोंडं उजाडेपर्यंत सवाष्णींनी बघायची नाहीत, वाजंत्री नाही, अंगणात दिवा नाही. सगळ्या जातीला मान्य असलेली गोष्ट सगळ्या जातीने चोरासारखी करायची, असा तो प्रकार. तरी ती होत असे. भिकुबाईचा दीर तर या पाटाच्या बाजूनेच होता. वहिनी दुसऱ्या घरात गेली की वनाचं चार बिघे शेत त्याच्याकडे येणार होतं.

पण नेमकं त्याच सुमारास रुपचंद आबा काशीहून परत आले.

रुपचंद आबा आमच्या गावचे सर्वांत वजनदार गृहस्थ. काशीत त्यांना कुणीतरी सांगितलं की तुम्ही मूळचे क्षत्रिय, मध्यंतरी तुम्हाला त्याचं विस्मरण झालं. आबांनी तिथेच जानवं घातलं. गावी आल्यावर ते अंगरख्यावरून घालत, कारण आतून घातलं तर दिसत नसे. एकोणीसशे बावीसच्या चैत्रात त्यांनी मारुतीच्या पारावर जातीची सभा भरवली. ठराव चार होते. पहिला, आपण क्षत्रिय आहोत. दुसरा, सर्वांनी जानवं घालावं. तिसरा, उच्च कुळांना न शोभणारी पाटाची चाल आजपासून बंद. चौथा, लग्नात हुंडा घेऊ नये.

हे ठराव लिहायला माझे वडील बसले होते. ते गावचे मास्तर, सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेले, आणि त्यांचं अक्षर फार वळणदार. आयुष्यभर त्यांना या अक्षराने छळलं. ज्या गोष्टी त्यांना पटत नसत, त्याही त्यांच्या हातून फार सुंदर उमटत.

तिसऱ्या ठरावाला भटू नाना नावाचे एक ऐंशीचे म्हातारे काठी टेकत उभे राहिले. "आबा, एक इचारू का?"

"विचारा, नाना."

"तुन्ही माय मन्हा देखता पाट लागीसन ह्या गावमा उनी. मंग तू कसा क्षत्रिय व्हयना?"

खरं म्हणजे तिथे बसलेल्यांत निम्मे पाटाच्याच आयांचे होते. आबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, ठराव मागच्याला लागू नाही, पुढच्याला लागू आहे. हा खुलासा सर्वांना इतका सोयीचा वाटला की हात भराभर वर झाले. भिकुबाईच्या दिराचाही झाला. धर्म एका बाजूला आणि चार बिघे काळी जमीन दुसऱ्या, अशी त्याची ओढाताण होती. पण आबा त्याच्याकडेच बघत होते. वडिलांनी 'सर्वानुमते' असं लिहिलं. बायका देवळाच्या मागे बसल्या होत्या, त्यांचे हात मोजायचे नव्हते. चौथा ठराव वेळेअभावी पुढील सभेवर टाकण्यात आला. ती सभा झाली, पण तेव्हाही वेळ पुरला नाही.

लोटनला वाटलं, संपलं. तो म्हणाला, "आते काय करवानं?" भिकुबाईला हसीनाबीने वाट दाखवली. हसीनाबी ही पाचोऱ्याची मनेरीण, गावोगाव बांगड्या भरत हिंडायची. तिचा स्वतःचा दुसरा निकाह झाला होता. "आमच्यात मौलवी विचारतो, कबूल? आपण म्हणायचं, कबूल. तुमचं लोकांचं बाई फार लांबण," ती म्हणायची. तिने ऐकलं होतं की धुळ्याला विधवांची लग्नं लावून देणारी शिकलेली मंडळी आहेत आणि त्यांची सभा भरणार आहे. तिला धुळ्याहून बांगड्यांचा माल आणायचाच होता. तिघं आगगाडीत बसली, चाळीसगावला गाडी बदलली आणि दुपारपर्यंत धुळ्याला पोचली.

सभा एका मोठ्या वकीलसाहेबांच्या घरी होती. वकीलसाहेब अबलांच्या अश्रूंवर असे काही बोलले की पुढच्या रांगेतल्या दोघांनी उपरण्याने डोळे पुसले. लोटन दाराशी उभा होता, त्याला त्यातलं निम्मं कळलं नाही, तरी तोही हेलावला. भाषण संपल्यावर भिकुबाई पुढे गेली. खरोखरची विधवा समोर आलेली बघून मंडळींत उत्साह पसरला. कुणी खुर्ची दिली, कुणी चिटणिसांना वही आणायला सांगितलं.

"जात कोणती, बाई?"

तिने सांगितली. वकीलसाहेबांचा चेहरा जरासा पडला.

"पण तुमच्यात पाटाची चाल आहे ना?"

"व्हती."

"मग तुमचा प्रश्न सुटलेलाच आहे. आमचं कार्य ज्यांच्यात ही चाल नाही त्यांच्यासाठी."

"साहेब, परवापासून आमच्यातबी नही."

हा मुद्दा मंडळींच्या नियमांत बसत नव्हता. अर्धा तास चर्चा झाली. एकाचं मत पडलं की या विवाहाने सुधारणा होणार नाही, कारण तो आधीही होत होता. दुसरा म्हणाला, मना केल्यावर केला तर ती सुधारणाच. अखेर पोटसमिती नेमली. वकीलसाहेब समजुतीने म्हणाले, "बाई, कायदा तर अठराशे छप्पन सालापासून तुमच्या बाजूने आहे."

"मंग तो कुंकू लावाले येई का?" भिकुबाईने विचारलं.

ती पाणी प्यायला मागच्या बाजूला गेली.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लाल आलवणातली, केशवपन केलेली एक बाई बसली होती. वकीलसाहेबांची बहीण. पस्तिशीची असेल. सभेच्या पंचवीस माणसांचा चहा तिनेच केला होता. तिने वरून ओंजळीत पाणी घातलं आणि हळूच विचारलं, "कुणी आहे का मनात?"

"शे. बाहेर उभा शे."

"चांगला आहे?"

भिकुबाई जरा विचार करून म्हणाली, "अकरा मांडा खास."

ती बाई हसली. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत हसली. मग आत गेली आणि पेटीतून एक हिरवा खण घेऊन आली. "चौदा वर्षं पडून आहे. मला ओटी भरायचा अधिकार नाही. पण तू जाता जाता हा इथून उचलून नेलास, तर मी काय करणार?" असं म्हणून तिने तो उंबऱ्यावर ठेवला आणि पाठ केली. भिकुबाई पुढे मला हे सांगायची तेव्हा म्हणायची, "धुयामा तेवढी एकच सभा खरी भरनी."

परतीच्या गाडीत लोटन म्हणाला, गाव सोडून जाऊ. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, मग काळोख पडल्यावर गुपचूप लावू. ती म्हणाली, "कसाले? मी काय चोरी करस का? वनाले मसनमा मी दिवसा लई गऊ. तुन्हा घर दिवसाच येसू."

आणि वैशाखात, भरदुपारी, सूर्य डोक्यावर असताना, गावच्या बाजारादिवशी तिचा पाट लागला. जागा लोटनचं अंगण. भटू नानांनी पाण्याचे चार थेंब शिंपडले, हसीनाबीने बांगड्या भरल्या, कुंकू लोटननेच लावलं आणि ते नाकापर्यंत ओघळलं, कारण त्याचे हात बैलांच्या कासऱ्याला सरावलेले. सवाष्णींनी बघायचं नव्हतं म्हणून सगळ्या सवाष्णी बाजाराची पिशवी घेऊन नेमक्या त्याच गल्लीतून चारचारदा गेल्या.

गावाने दोघांना वाळीत टाकलं. विहिरीवर पाणी नाही, न्हावी नाही, चुलीला विस्तव नाही. लोटन नदीवरून पाणी आणू लागला, दाढी वाढवून साधूसारखा दिसू लागला आणि वाटेत अनोळखी लोक त्याच्या पाया पडू लागले. गाडीला नांदखेड्याचा माल मिळेना, पण शेजारच्या गावांचा मिळे. दोन वर्षं अशी गेली. हसीनाबी तेवढी यायची. तिला आमच्या जातीने वाळीत टाकून उपयोग नव्हता.

मग आबांच्या प्रमिलाचं लग्न निघालं. मुलगी बारा वर्षांची, स्थळ फैजपूरकडचं, तालेवार. व्याह्यांनी निरोप धाडला की तुमच्याकडच्या खापरावरच्या मांड्यांची फार कीर्ती ऐकली आहे. आबांनी गावातल्या बायका बसवून बघितल्या. मांडे पातळ केले तर फाटत, न फाटतील असे केले तर त्यावर माणूस झोपू शकला असता. लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा आबांनी माझ्या वडिलांना बोलावून विचारलं, "मास्तर, अग्नीने अन्न शुद्ध होतं, असं शास्त्रात कुठे आहे का?"

वडील म्हणाले, "असेल."

"मग जाऊन सांगा तिला."

वडील गेले. भिकुबाई उकिडवी बसून वाल निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "येसू," ती म्हणाली, "पन कुंकू लाईसन येसू. पुढला दरवाजानी येसू. नी मन्हा मानूस पहिली पंगतले बठी."

आबांनी हे ऐकून तासभर येरझारा घातल्या. मग म्हणाले, पाहुणे नवे आहेत, त्यांना कुठे काय माहीत. लोटन पहिल्या पंगतीला बसला. व्याह्यांनी त्या दाढीकडे बघून आबांना विचारलं, हे महाराज कोण? आबा म्हणाले, आमच्याकडचेच एक सत्पुरुष. त्या दिवसापासून विहीर मोकळी झाली. बहिष्कार उठल्याचा ठराव मात्र कधी झाला नाही. वहीत तो अजून चालूच आहे.

त्या दोघांचा संसार एकवीस वर्षं चालला. मूल झालं नाही, आणि त्यात गावाला देवाचा न्याय दिसला. देवाने ज्यांना आठ-आठ पोरं दिली आणि त्यातली पाच नेली, त्यांच्या बाबतीत न्यायाचा विषय निघत नसे. दोघं फार भांडायची. तो उशिरा आला की ती भांडे, लवकर आला की तो भांडे, कारण भाकरी झालेली नसे. मी लहानपणी त्यांच्या ओट्यावर पुष्कळ बसलोय. एक गोष्ट मात्र मी दुसऱ्या कुठल्या घरात बघितली नाही. पितृपक्षात भिकुबाई वनाच्या नावाने घास काढी, आणि लोटन शेजारी उभा राहून म्हणे, "दोन काढ. तो भलता खाणारा व्हता."

सदतीस साली आबांची प्रमिला विधवा होऊन माहेरी आली. पंचवीस वर्षांची, मूलबाळ नाही. आबा वर्षभर कुणाशी बोलले नाहीत. अंगरख्यावरचं जानवं कधी आत गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुलगी दिवसभर माजघरात बसून असे. एक दिवस ती उठून भरउन्हात भिकुबाईकडे आली. मी तेव्हा तिथे होतो, पण माझ्याकडे दोघींनी लक्ष दिलं नाही.

"काकू, पहिल्याला विसरायला किती दिवस लागले?"

भिकुबाईने तिला पाणी दिलं. "इसरनू कोठे? वना मन्हा व्हता. तो गया, तरी मन्हाच शे. लोटनबी मन्हा शे. घरमा दोन खोल्या ऱ्हातीस ना, पोरी? एकमा दिवा लावा म्हणजे दुसरी पाडनी लागत नही."

प्रमिला खूप वेळ रडली. भिकुबाई तिला रड म्हणाली नाही आणि रडू नको असंही म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा सभा भरली. आबा उभे राहून म्हणाले, "मी गेली पंधरा वर्षं या प्रश्नावर चिंतन करीत होतो. काळ बदलला आहे. आपल्या समाजात पुनर्विवाहाची सुधारणा झाली पाहिजे." पाट हा शब्द कुणी उच्चारला नाही. पाट मागासलेला, पुनर्विवाह पुढारलेला. ठराव सर्वानुमते झाला, माझ्या वडिलांनी तोही त्याच वळणदार अक्षरात लिहिला आणि घरी येऊन दिवसभर जेवले नाहीत. प्रमिलाचं लग्न पाचोऱ्याच्या एका विधुर शिक्षकाशी झालं, उजेडात, वाजंत्री लावून. ती सुखी झाली, हे महत्त्वाचं. धुळ्याच्या एका साप्ताहिकाने लिहिलं की नांदखेड्यात समाजातला पहिला पुनर्विवाह पार पडला. भिकुबाईला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिनं पहिलं. मन्हं नशीबच दुसरं शे."

त्रेचाळीस साली लोटन गेला. पाचोऱ्याहून रिकामी गाडी घेऊन येताना दुपारी गाडीतच आडवा झाला. बैलांना रस्ता पाठ होता, त्यांनी त्याला सरळ अंगणात आणून उभं केलं. भिकुबाई बाहेर येऊन त्याला ओरडली, ऊन लागतंय, आत येऊन झोप. दोनदा ओरडली. मग जवळ गेली.

बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा तिने हात मागे घेतला. एकेक बांगडी स्वतः उतरवली आणि सांगितलं, पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही फोडल्या तेव्हा मनगट कापलं होतं, त्याची खूण अजून आहे. समाचाराला आलेल्यांना तिने यावेळी चहाही केला नाही. तेराव्यानंतर गावात चर्चा सुरू झाली की बाई आता काय करणार, कुणाकडे राहणार. चर्चा कुठल्या निर्णयाला येण्याआधीच चौदाव्या दिवशी सकाळी तिने बैल जुंपले आणि कापसाची गाडी घेऊन एकटी पाचोऱ्याला गेली. बाईने गाडी हाकणं कुठल्याच ठरावात बसत नव्हतं. काहींनी आबांकडे तक्रार नेली. आबा आता थकले होते. ते म्हणाले, सभा बोलवा. पण ठराव लिहायला माझे वडील तयार झाले नाहीत. हात कापतो म्हणाले. दुसऱ्या कुणाचं अक्षर तेवढं चांगलं नव्हतं, म्हणून सभा झाली नाही.

सत्तेचाळीसच्या जूनमध्ये मला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. मी तिच्याच गाडीतून पाचोऱ्याला निघालो. आपण शिकलेलो आहोत आणि असं काहीतरी विचारायला हवं, असं वाटून मी तिला विचारलं, "काकू, दोनदा हे सगळं सोसलंत. कसं निभावलं?"

तिने कासरा जरा सैल सोडला.

"वना गया तवय माले वाटनं, मीबी गऊ," ती म्हणाली. "लोटन गया तवय कळनं, मी काही जास नही. ते जास्त कठीण, बाबा."

मग म्हणाली, डावा बैल आळशी आहे, त्याच्याशी सारखं बोलावं लागतं, आणि खरोखरच त्याच्याशी बोलू लागली.

पाचोऱ्याजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. नवा फाटकवाला होता, तरुण. खिडकीतून त्याने तिला पाहिलं आणि मोठ्याने हसला. "काय बाई, गाडी तूच हाकतेस?"

"नही, भाऊ," भिकुबाई म्हणाली. "गाडी बैल वढतस. मी नुसती बठेल शे."